लॉरा इंगल्स वाइल्डर : जीवनपरिचय (मराठी निबंध)

१९३१ सालचा जून महिना. अमेरिकेतल्या मिसुरी राज्यातून एक वयस्कर जोडपं आपल्या जुन्या ब्युइक मोटारीतून लांबच्या प्रवासाला निघालं. सोबत नीरो नावाचा कुत्रा. मोटारीचंही त्यांनी नाव ठेवलं होतं, इझाबेल! आजोबा गाडी चालवत होते आणि शेजारी बसलेल्या ६४ वर्षांच्या आजी वाटेत दिसेल ते वहीत टिपत होत्या. या आजी म्हणजे लॉरा इंगल्स वाइल्डर. त्या आपल्या माहेरच्या गावी, डी स्मेटला निघाल्या होत्या. चला तर मग, त्यांची ओळख करून घेऊया.

बालपण

लॉराचा जन्म ७ फेब्रुवारी १८६७ रोजी विस्कॉन्सिन राज्यातील पेपिन गावाजवळ झाला. वडील चार्ल्स, आई कॅरोलिन. त्या काळी शेतीला जमीन मिळावी म्हणून हजारो गोरी कुटुंबं घोडागाडीत संसार भरून पश्चिमेकडे जात होती. नव्या वस्तीच्या या सरहद्दीला अमेरिकेत ‘फ्रंटियर’ म्हणतात.

१८६९ मध्ये इंगल्स कुटुंब कॅन्ससमध्ये गेलं. पण ती जमीन काही रिकामी नव्हती. ती ओसेज या मूळ रहिवाशांची होती. दोन वर्षांत इंगल्स कुटुंब परत फिरलं. पुढे ओसेज लोकांना मात्र आपली भूमी कायमची सोडावी लागली.

१८७४ मध्ये हे कुटुंब मिनेसोटात आलं. ओढ्याकाठी मातीत खोदलेल्या घरात ते राहू लागले. तिथे टोळधाड आली आणि उभं पीक फस्त झालं. १८७६ मध्ये लॉराचा नऊ महिन्यांचा भाऊ दगावला.

बहिणीचे डोळे

१८७९ मध्ये मोठी बहीण मेरी आजारपणात आंधळी झाली. तेव्हापासून समोर जे दिसेल ते लॉरा तिला शब्दांत सांगू लागली. आभाळाचा रंग, गवतावरचा वारा, रस्त्याने येणारी माणसं, सगळं. पुढे लेखिका झालेल्या लॉराचा पहिला सराव इथेच झाला.

त्याच वर्षी कुटुंब डाकोटात डी स्मेटला स्थायिक झालं. १८८०-८१ चा हिवाळा फारच भयंकर होता. बर्फामुळे रेल्वे बंद पडली आणि धान्य संपत आलं. लोक कॉफी दळायच्या यंत्रात गहू दळून भाकरी करत आणि गवताच्या पेंड्या पिळून जाळत. पुढे वयाची सोळा वर्षंही पूर्ण नसताना लॉरा शाळेत शिकवू लागली. तिच्या कमाईचा मेरीच्या अंधशाळेच्या शिक्षणाला हातभार लागला.

संसार आणि संकटं

१८८५ मध्ये लॉराचं लग्न आल्मान्झो वाइल्डर या शेतकऱ्याशी झालं. १८८६ मध्ये मुलगी रोझ जन्मली. पण नंतर एकामागून एक संकटं आली. घटसर्पाच्या आजारानंतर आल्मान्झोच्या पायांत कायमची कमजोरी राहिली. तान्हा मुलगा गेला, घर जळालं, दुष्काळाने शेती बुडाली.

अखेर १७ जुलै १८९४ रोजी तिघं घोडागाडीने मिसुरीकडे निघाले. सुमारे १००० किलोमीटरच्या या प्रवासाला दीड महिना लागला. जवळ जपून ठेवलेली शंभर डॉलरची नोट ऐन शेत घ्यायच्या वेळी सापडेना! काही दिवसांनी ती लिहायच्या पेटीच्या फटीत मिळाली आणि मॅन्सफिल्डजवळ त्यांचं शेत उभं राहिलं.

परतीची वाट

१९०२ मध्ये वडील गेले, तेव्हा लॉरा डी स्मेटला जाऊन आल्या होत्या. त्यानंतर थेट १९३१ मध्येच जाणं झालं. जी वाट कापायला पूर्वी आठवडे लागले, ती मोटारीने थोड्या दिवसांत सरली. आईवडील आणि मेरी आता तिथल्या दफनभूमीत होते. धाकटी ग्रेस भेटली. मग ब्लॅक हिल्समध्ये राहणाऱ्या कॅरीकडे दोघं गेले. तिथे तेव्हा माउंट रशमोरच्या डोंगरात राष्ट्राध्यक्षांचे चेहरे कोरायचं काम चालू होतं. जिचे डोळे लॉरा झाल्या होत्या, ती मेरी मात्र हे ऐकायला नव्हती.

पुढच्याच वर्षी, १९३२ मध्ये, लॉराबाईंचं पहिलं पुस्तक आलं. वय ६५! १९४३ पर्यंत आठ पुस्तकं झाली. या लेखनात रोझची मोठी मदत होती. आल्मान्झो १९४९ मध्ये वारले. लॉराबाईंनी १० फेब्रुवारी १९५७ रोजी जगाचा निरोप घेतला.

आपण काय शिकावं?

कॅन्ससबद्दलच्या पुस्तकात लॉराबाईंनी तिथे माणसंच नव्हती, फक्त मूळ रहिवासी होते, असं लिहिलं होतं. १९५२ मध्ये एका वाचकाने तक्रार केली. लॉराबाईंनी चूक मान्य केली आणि ते वाक्य बदललं गेलं. तरी मूळ रहिवाशांचं त्या पुस्तकांतलं चित्रण अनेकांना खुपत राहिलं. म्हणूनच २०१८ मध्ये अमेरिकेतल्या एका मोठ्या बालसाहित्य पुरस्काराला असलेलं त्यांचं नाव काढण्यात आलं.

मित्रांनो, बहिणीसाठी जग शब्दांत पकडणारी ही मुलगी थोर होतीच. पण तिच्या नजरेतूनही काही माणसं सुटली. म्हणून तिची पुस्तकं जरूर वाचा, मात्र वाचताना एक प्रश्न मनात ठेवा : ज्यांची ती जमीन होती, त्यांनी हीच गोष्ट कशी सांगितली असती?