पायाचा दगड : व्हिन्स लोंबार्डी

देवळासमोर उभे राहिले की आपली नजर आधी कळसाकडे जाते. पायात कोणता दगड बसवला आहे हे पाहायला कोणी वाकत नाही. खेळातही तसेच होते. मी कॉलेजच्या कबड्डी संघात साखळीत खेळतो. चढाई करून गुण आणणाऱ्याचे नाव नोटीस-बोर्डावर झळकते. साखळी धरून उभा राहिलेल्याचे नाव कोणाच्या लक्षातही येत नाही. गेल्या वर्षी याच कारणाने मी मनातून खट्टू होतो आणि संघ सोडण्याच्या विचारात होतो. त्या सुमारास अमेरिकेत नोकरी करणारा माझा मावसभाऊ सुट्टीवर आला. त्याच्या तोंडून व्हिन्स लोंबार्डी हे नाव मी प्रथम ऐकले.

अमेरिकेतील व्यावसायिक फुटबॉलच्या अंतिम सामन्याला ‘सुपर बोल’ म्हणतात. तो जिंकणाऱ्या संघाला मिळणाऱ्या चांदीच्या ट्रॉफीला लोंबार्डी यांचेच नाव आहे. पण ट्रॉफी हा झाला कळस. मला त्यांच्या आयुष्याचा पाया अधिक मोलाचा वाटला, म्हणून हा लेखनप्रपंच.

प्रथम हा खेळ समजून घेऊ. आपण ज्याला फुटबॉल म्हणतो तो हा नव्हे. यात चेंडू लांबट असतो आणि तो हातात धरून पळता येते. दोन्ही बाजूंना अकरा-अकरा खेळाडू. चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकले तरच चेंडू आपल्याकडे राहतो. चेंडू घेऊन पळणारा सर्वांना दिसतो. पण त्याच्यापुढे भिंतीसारखे उभे राहून समोरच्यांना ढकलणारे, वाट मोकळी करून देणारे पाचजण असतात. मधला सेंटर, त्याच्या दोन्ही बाजूंना गार्ड आणि त्यांच्या बाहेर टॅकल. त्यांच्या हाती चेंडू सहसा येत नाही. लोंबार्डी स्वतः यांपैकी गार्ड होते, आणि पुढे कितीतरी वर्षे त्यांनी अशाच गड्यांना शिकवण्याचे काम केले.

व्हिन्स लोंबार्डी यांचा जन्म ११ जून १९१३ रोजी न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागात झाला. घराणे मूळचे इटलीचे, कॅथलिक आणि धर्मनिष्ठ. वडील खाटकाचा धंदा करीत. पाच भावंडांत व्हिन्स थोरले. पाद्री होण्याच्या इच्छेने ते पंधराव्या वर्षी धर्मशिक्षणाच्या शाळेत दाखल झाले. पण चार वर्षांनी ती वाट सोडून त्यांनी फुटबॉल जवळ केला. १९३३ साली खेळाची शिष्यवृत्ती मिळवून ते फोर्डहॅम विद्यापीठात आले. उंची पाच फूट आठ इंच. धिप्पाड गड्यांपुढे ते ठेंगणेच दिसत. तरीही १९३६ साली फोर्डहॅमच्या ज्या सातजणांच्या फळीला वृत्तपत्रांनी ग्रॅनाइटचे सात दगड असे नाव दिले, तिच्यात उजवीकडचे गार्ड लोंबार्डी होते. १९३७ साली ते पदवीधर झाले. विषय होता व्यापार, म्हणजे आपल्या भाषेत वाणिज्य शाखेचेच विद्यार्थी!

पण पदवी मिळाली तरी काम कुठे होते? महामंदीचे दिवस होते. त्यांनी थकलेली कर्जे वसूल करण्याचे काम केले, किरकोळ संघांतून फुटबॉल खेळून पाहिला, कायद्याचा अभ्यास सुरू करून सोडून दिला. अखेर १९३९ साली न्यू जर्सीतील एंगलवूड गावच्या सेंट सिसिलिया या शाळेत ते साहाय्यक प्रशिक्षक म्हणून लागले. पगार तुटपुंजा होता, आणि त्यात फुटबॉलखेरीज लॅटिन, भौतिकशास्त्र आणि रसायनशास्त्रही शिकवायचे! आठ वर्षे त्यांनी या शाळेत काढली. वर्गातल्या सर्वांत मागे पडलेल्या मुलाला समजेपर्यंत धडा पुढे न्यायचा नाही, ही शिकवण्याची सवय त्यांना इथेच लागली आणि मैदानावरही त्यांनी ती सोडली नाही.

१९४७ साली ते फोर्डहॅमला परतले आणि १९४९ साली हडसन नदीकाठच्या वेस्ट पॉइंट या लष्करी अकादमीत गेले. तेथील आर्मी संघाचे मुख्य प्रशिक्षक अर्ल ब्लेक हे शिस्तीचे भोक्ते होते. आक्रमक फळीची, म्हणजे त्या न दिसणाऱ्या गड्यांची जबाबदारी त्यांनी लोंबार्डींवर सोपवली. सामन्याची फिल्म मागेपुढे फिरवून प्रत्येकाचे पाऊल तपासायचे, डावपेच थोडेच ठेवायचे पण ते बिनचूक करायचे, हे धडे लोंबार्डींनी ब्लेक यांच्याकडून घेतले. पहिल्या वर्षी संघ एकही सामना हरला नाही.

आणि १९५१ साली घर कोसळले. परीक्षेतील प्रश्न आणि उत्तरे एकमेकांना पुरवल्याचे उघडकीस येऊन सुमारे नव्वद छात्रांना अकादमी सोडावी लागली. त्यांत फुटबॉल संघातले अनेकजण होते. खुद्द ब्लेक यांचा मुलगाही होता. काहींनी स्वतः नक्कल केली नव्हती. त्यांना ठाऊक होते, पण ते गप्प राहिले. त्या अकादमीच्या नियमात तोही अपराधच होता. हे वाचताना मी क्षणभर थांबलो. परीक्षेच्या हॉलमध्ये शेजारच्या बाकावर चिठ्ठी सरकताना मीही पाहिली आहे आणि खिडकीबाहेर नजर वळवली आहे. त्या नियमाने माझेही नाव त्या यादीत लागले असते.

ब्लेक राजीनामा देण्याच्या विचारात होते. जनरल मॅकआर्थर यांच्या सल्ल्यावरून ते राहिले. लोंबार्डीही राहिले. नवख्या, कच्च्या पोरांना घेऊन त्यांनी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. उभे कसे राहायचे, पहिले पाऊल कोणते टाकायचे, खांदा कुठे लावायचा. १९५१ साली संघाने दोन सामने जिंकले, सात हरले. पुढच्या वर्षी चार विजय, चार पराभव आणि एक बरोबरी. १९५३ साली मात्र सात विजय, एकच पराभव आणि एक बरोबरी! या तीन वर्षांसाठी लोंबार्डींच्या नावाने कोणतीही ट्रॉफी निघाली नाही. तरी माझ्या मते त्यांच्या आयुष्यातील खरा विजय हाच.

त्यानंतर ते न्यूयॉर्क जायंट्स या व्यावसायिक संघात गेले. पुन्हा साहाय्यकच. १९५६ साली त्या संघाने अजिंक्यपद मिळवले. मुख्य प्रशिक्षकाच्या जागेसाठी मात्र ते तिष्ठत राहिले. आपले इटालियन आडनाव आड येते असे त्यांच्या मनाने घेतले होते. अखेर १९५९ साली, वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी, ग्रीन बे या लहानशा गावच्या पॅकर्स संघाने त्यांना बोलावले. वाणिज्यच्या विद्यार्थ्यांना हे वाचून गंमत वाटेल की या संघाचे भागधारक सामान्य लोक असून त्यांना लाभांश मिळत नाही. आदल्या वर्षी संघाने बारापैकी एकच सामना जिंकला होता.

लोंबार्डींनी तिथे पहिला डाव शिकवला तो ‘स्वीप’. यात दोन्ही गार्ड समोर धडक न मारता मागे सरून बाजूला धावतात आणि चेंडूवाल्याच्या पुढे वाट काढतात. म्हणजे सारी मदार गार्डवर! तो एकच डाव त्यांनी शेकडो वेळा करून घेतला. प्रतिस्पर्ध्याला तो येणार हे ठाऊक असे, तरी अडवता येत नसे. १९६१, १९६२, १९६५, १९६६ आणि १९६७ अशी पाच वर्षे पॅकर्स अजिंक्य ठरले आणि पहिले दोन सुपर बोलही त्यांनीच जिंकले. ३१ डिसेंबर १९६७ रोजी, उणे पंचवीस अंश सेल्सिअस थंडीत, डॅलसविरुद्ध शेवटचे सोळा सेकंद उरले असताना ते तीन गुणांनी मागे होते. जेरी क्रेमर या गार्डने सेंटरच्या साथीने समोरच्याला मागे रेटले, आणि त्या फटीतून बार्ट स्टार चेंडू घेऊन आत पडला. टेलिव्हिजनवर ते दृश्य पुन्हा पुन्हा दाखवले गेले आणि त्या दिवशी एका गार्डचे काम साऱ्या देशाने पाहिले.

लोंबार्डी निर्दोष नव्हते. ते फार ओरडत, दुखापत झालेल्यांनाही खेळायला लावीत, आणि खेळाच्या नादात घराकडे त्यांचे दुर्लक्ष होई. ते अनुकरण करण्याजोगे नाही. पण संघात वर्णभेद त्यांनी चालू दिला नाही. कृष्णवर्णीय खेळाडूंना जो दुकानदार नाकारील त्याच्याकडे साऱ्या संघाने जायचे नाही, असा त्यांचा दंडक होता. १९६९ साली वॉशिंग्टनच्या संघात लॅरी ब्राउन हा तरुण खेळाडू इशारा होताच निघायला किंचित उशीर करतो, हे त्यांच्या नजरेने टिपले. तपासणी केली तर त्याला एका कानाने ऐकू येत नव्हते. त्यांनी त्याच्या शिरस्त्राणात श्रवणयंत्र बसवून घेतले. एकेका पावलाची फिल्म पाहणारी वेस्ट पॉइंटची तीच नजर होती ती. पुढच्याच वर्षी, ३ सप्टेंबर १९७० रोजी, कर्करोगाने त्यांचे निधन झाले. वय अवघे सत्तावन्न.

मित्रांनो, यंदा आमच्या संघातले पाच जुने खेळाडू पदवी घेऊन गेले. नवीन आलेल्या मुलांना साखळी कशी धरायची हे शिकवशील का, असे सरांनी मला विचारले. चढाईची संधी मिळणार नाही, हे त्यातच आले. गेल्या वर्षीचा मी असतो तर काहीतरी सबब सांगितली असती. यंदा होय म्हणालो. रोज सकाळी सहा वाजता मैदानावर जातो. मुले अजून हात लवकर सोडतात. पण दिवाळीपर्यंत सोडणार नाहीत.