शाळेच्या भिंतीवरचं ‘ते’ पत्र लिंकनने लिहिलंच नव्हतं, मग खरा लिंकन सापडतो कुठे?

शिक्षक दिन आला की व्हॉट्सअ‍ॅपवर एक पत्र हमखास फिरतं. अब्राहम लिंकनने मुलाच्या हेडमास्तरांना लिहिलेलं. महाराष्ट्रातल्या कितीतरी शाळांमध्ये ते फ्रेम करून लावलंय. वसंत बापटांनी ते मराठीत आणलं आणि अनेकांना तर ते तोंडपाठच झालं.

अडचण एवढीच आहे की लिंकनने असं पत्र लिहिल्याचा एकही पुरावा नाही. लिंकनची पत्रं, भाषणं, तारा, चिठ्ठ्या गोळा करून रॉय बासलर यांच्या संपादनाखाली 1953 मध्ये आठ खंड निघाले. त्यात हे पत्र नाही. मूळ प्रतही कुठे नाही.

पत्र छान आहे, वाद त्याच्यावर नाहीच. पण एखादा माणूस खूप मोठा झाला की लोक आपल्याला हवं ते त्याच्या तोंडी घालतात, आणि लिंकनच्या बाबतीत हे तो गेल्यापासूनच सुरू झालं.

14 एप्रिल 1865, गुड फ्रायडे. अमेरिकेतलं चार वर्षांचं यादवी युद्ध जवळपास संपलं होतं. वॉशिंग्टनच्या फोर्ड्स थिएटरमध्ये नाटक बघत बसलेल्या लिंकनच्या डोक्यात जॉन विल्क्स बूथ नावाच्या नटाने गोळी घातली. दुसऱ्या दिवशी सकाळी लिंकन गेला. वय 56. त्या रविवारी ईस्टर होता. चर्चमधल्या पाद्र्यांनी थेट येशूशी तुलना केली. दोनच दिवसांपूर्वीपर्यंत ज्या राष्ट्राध्यक्षाला निम्मा देश शिव्या घालत होता, तो संत झाला.

हे एका माणसाला अजिबात पटलं नाही. विल्यम हर्नडन. लिंकनचा स्प्रिंगफील्डमधला वकिलीतला भागीदार. त्याने आपल्या मित्राला सोळा वर्षं एकाच ऑफिसमध्ये जवळून बघितलं होतं. लिंकन गेल्यावर काही आठवड्यांतच हर्नडन कामाला लागला. लिंकनला लहानपणापासून ओळखणाऱ्या शेजाऱ्यांना, नातेवाइकांना, जुन्या दोस्तांना गाठायचं, पत्रं पाठवायची आणि सांगतील ते लिहून घ्यायचं.

आज आपल्याला माहीत असलेलं लिंकनचं तरुणपण बऱ्यापैकी याच कागदांतून आलंय. 12 फेब्रुवारी 1809 ला केंटकीत लाकडी खोपट्यात जन्म. नऊ वर्षांचा असताना आई गेली. शाळा सगळी मिळून एक वर्षही नाही. न्यू सेलम गावात दुकान टाकलं, ते बुडालं. मग पोस्टमास्तर, मग जमीन मोजणारा, मग वकील. मध्येच निराशेचे असे झटके की मित्रांना त्याच्यावर नजर ठेवावी लागायची.

आणि एक प्रेमकथा. 1866 मध्ये हर्नडनने भाषणात जाहीर सांगितलं की लिंकनचं खरं प्रेम न्यू सेलमच्या अ‍ॅन रटलेजवर होतं. ती 1835 मध्ये वारली आणि त्या दुःखातून तो कधी बाहेरच आला नाही. लिंकनची बायको मेरी तेव्हा जिवंत होती. तिला काय वाटलं असेल याची कल्पनाच केलेली बरी.

आता इतिहासकारांपुढचा पेच बघा. तीस वर्षांनी, तेही जगप्रसिद्ध झालेल्या माणसाबद्दल, लोक जे आठवून सांगतात त्यावर विश्वास किती ठेवायचा? 1945 मध्ये जे. जी. रँडल या मोठ्या अभ्यासकाने ही प्रेमकथा जवळपास निकालात काढली. पण 1998 मध्ये डग्लस विल्सन आणि रॉडनी डेव्हिस यांनी हर्नडनने जमवलेल्या साक्षी एकत्र छापल्या. एकमेकांशी ताडून बघितल्यावर अनेक अभ्यासकांचं मत पुन्हा फिरलं. सगळं नसेल, पण काहीतरी होतं.

मधल्या काळात या कथेवर एक फसवणूकही झाली. 1928 मध्ये ‘अटलांटिक’ या नामांकित मासिकाने लिंकन आणि अ‍ॅनची प्रेमपत्रं छापायला घेतली. वाचक खूश. पण एका पत्रात जमिनीच्या ‘सेक्शन 40’ चा उल्लेख होता. अमेरिकेतल्या मोजणीत एका टाउनशिपचे सेक्शन 36 असतात, चाळिसावा नसतोच. लिंकनने स्वतः मोजणीचं काम केलेलं. तो ही चूक करेल? पत्रं बनावट निघाली.

हर्नडन आठवणी गोळा करत होता, पण राष्ट्राध्यक्षपदाच्या काळातले खरे कागद होते थोरला मुलगा रॉबर्टकडे. चार मुलांपैकी एकटा हाच मोठा झाला. हर्नडनवर त्याचा भयंकर राग. त्याने कागद दाखवले ते वडिलांच्या दोन जुन्या सचिवांना, निकोले आणि हे यांना, आणि छापण्याआधी मजकूर स्वतः तपासला. त्यातून 1890 मध्ये दहा खंडांचं चरित्र आलं. भरपूर माहिती, पण लिंकनवर डाग एकही नाही. मग रॉबर्टने कागद लायब्ररी ऑफ काँग्रेसला दिले, एका अटीवर. आपल्या मृत्यूनंतर 21 वर्षं कोणी उघडायचे नाहीत.

रॉबर्ट 26 जुलै 1926 ला गेला. 1947 मध्ये बरोबर त्याच तारखेला, रात्री बाराच्या ठोक्याला कपाटं उघडली. अभ्यासक जमले होते, काय स्फोटक निघतंय म्हणून. निघाले 18 हजारांच्या आसपास कागद आणि सनसनाटी काहीच नाही. सामान्य लोकांचे अर्ज, नोकरीच्या शिफारशी, सेनापतींच्या तक्रारी, सल्ले. पण युद्ध चालवणाऱ्या माणसाच्या टेबलावर रोज काय येऊन पडतं, हे त्यातूनच कळलं.

आणि खरं भांडण युद्धाच्या वर्षांवरच आहे.

ऑगस्ट 1862 मध्ये लिंकनने होरेस ग्रीली या संपादकाला जाहीर पत्र लिहिलं. सार असं, की माझं काम देशाची एकी वाचवणं आहे. त्यासाठी एकाही गुलामाला मुक्त करावं लागलं नाही तरी चालेल, सगळ्यांना करावं लागलं तरी चालेल. आजही लिंकनला गुलामांचं काही पडलं नव्हतं असं म्हणणारे याच पत्राचा स्क्रीनशॉट टाकतात.

पण तारीख बघा. गुलाममुक्तीच्या जाहीरनाम्याचा मसुदा त्याने 22 जुलैलाच, म्हणजे महिनाभर आधी, मंत्रिमंडळाला वाचून दाखवला होता. तो मसुदा टेबलाच्या खणात असताना हे पत्र लिहिलंय. मग हे मत होतं, की बिथरणाऱ्या गोऱ्या मतदाराची आधीच समजूत काढणं? एक कागद एकटा वाचला तर एक अर्थ, शेजारी दुसरा ठेवला की दुसरा.

लिंकनची बाजू घेणाऱ्यांनाही हाच नियम लागतो. 1858 च्या निवडणुकीत त्याने भर सभेत सांगितलं होतं की काळ्या आणि गोऱ्यांच्या सामाजिक, राजकीय समानतेच्या बाजूचा मी नाही. मसुदा वाचून महिना व्हायच्या आत त्याने कृष्णवर्णीय प्रतिनिधींना व्हाइट हाऊसमध्ये बोलावून देश सोडून बाहेर वसाहत करायचा सल्ला दिला. 1 जानेवारी 1863 चा जाहीरनामाही बंडखोर भागापुरताच होता. लिंकनच्या बाजूने राहिलेल्या गुलामगिरीच्या राज्यांना तो लागू नव्हता. 1968 मध्ये लेरोन बेनेट ज्युनियर या कृष्णवर्णीय पत्रकाराने ‘एबनी’ मासिकात हे सगळं मांडून लिंकन गोऱ्यांच्या वर्चस्ववादाचा होता का, असा सरळ सवाल टाकला. प्राध्यापक मंडळी चिडली, पण तो प्रश्न टाळून लिंकनवर लिहिणं नंतर कोणालाच जमलं नाही.

पुढे आयरा बर्लिन आणि सहकाऱ्यांनी सरकारी दप्तरांतून गुलामांचेच कागद काढले आणि प्रश्नच बदलला. मे 1861 मध्ये, जाहीरनाम्याच्या दीड वर्ष आधी, तीन गुलाम पळून व्हर्जिनियातल्या फोर्ट मन्रो किल्ल्यावर आले. सेनापती बटलरने त्यांना परत द्यायला नकार दिला. मग शेकडो आले, हजारो आले. पुढे पावणेदोन लाखांहून जास्त कृष्णवर्णीय सैन्यात लढले. म्हणजे लिंकनने गुलाम मुक्त केले, की गुलामांनी लिंकनला भाग पाडलं? जेम्स मॅकफर्सन यांच्यासारखे इतिहासकार म्हणतात, लिंकन नसता तर युद्धच असं झालं नसतं. हा वाद अजून चालू आहे.

यात आपली एक गोष्ट आठवते. महात्मा फुल्यांनी 1873 मध्ये ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती लिंकनला नाही, तर गुलामगिरीविरुद्ध झटलेल्या अमेरिकेतल्या लोकांना.

ज्या कागदांवर वाद घालणंही जड जातं, तेही आहेत. 1862 मध्ये मिनेसोटात डाकोटा आदिवासींचा उठाव झाला आणि लष्करी न्यायासनाने 303 जणांना फाशी सुनावली. काही खटले काही मिनिटांत उरकलेले, बचावाला वकील नाही. लिंकनने कागद मागवले, एकेक प्रकरण तपासून घेतलं. 26 डिसेंबरला 38 जणांना एकाच वेळी फासावर दिलं गेलं. अमेरिकेत एका दिवसात याहून मोठी फाशी झालेली नाही. अडीचशेहून जास्त लोकांना वाचवणारा आणि 38 जणांच्या फाशीवर सही करणारा, दोन्ही लिंकनच. 2020 मध्ये पोर्टलंडमध्ये त्याचा पुतळा पाडला गेला, तेव्हा चौथऱ्यावर याच 38 चा उल्लेख रंगवलेला होता.

एरिक फोनर यांनी 2010 च्या पुस्तकात वेगळा रस्ता धरला. लिंकन नक्की काय होता यापेक्षा तो कुठून कुठे गेला, हे बघा. 1858 मध्ये समानता नाकारणारा माणूस 11 एप्रिल 1865 ला भाषणात म्हणाला की निदान शिकलेल्या आणि सैन्यात लढलेल्या कृष्णवर्णीयांना मताचा हक्क मिळावा. गर्दीत बूथ उभा होता. तीन दिवसांनी त्याने गोळी घातली.

वॉशिंग्टनमध्ये लिंकनचं एक जुनं स्मारक आहे. त्यासाठी पैसे मुक्त झालेल्या गुलामांनी दिले. पहिले पाच डॉलर शार्लट स्कॉट या बाईने, स्वातंत्र्यातल्या पहिल्या कमाईतून. पण पुतळा कसा असावा हे ठरवलं गोऱ्यांनी. लिंकन उभा, समोर साखळ्या तुटलेला काळा माणूस गुडघ्यावर. 1876 च्या उद्घाटनात स्वतः गुलामीतून पळालेले फ्रेडरिक डग्लस राष्ट्राध्यक्ष ग्रँटसमोर म्हणाले की लिंकन आधी गोऱ्यांचा राष्ट्राध्यक्ष होता, आम्ही त्याची सावत्र लेकरं. आणि त्याच भाषणात हेही, की त्या काळातल्या देशाचा कल बघितला तर तो वेगाने आणि धाडसाने चालला.

2020 मध्ये हा पुतळा हटवायची मागणी जोरात असताना स्कॉट सँडेज आणि जोनाथन व्हाइट या इतिहासकारांना जुन्या वर्तमानपत्रांच्या डिजिटल संग्रहात डग्लस यांचंच एक पत्र मिळालं. उद्घाटनानंतर काही दिवसांनी छापलेलं आणि मग विसरलं गेलेलं. त्यात डग्लस यांनी लिहिलं होतं की या पुतळ्यात अख्खं सत्य नाही. आपल्याला मरण्याआधी तो काळा माणूस स्वतःच्या पायावर उभा असलेला बघायचाय, आणि त्यासाठी बागेत आणखी एका स्मारकाला जागा आहे. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये बॉस्टनने आपल्याकडची या पुतळ्याची प्रतिकृती हटवली. वॉशिंग्टनमधला मूळ पुतळा अजून तिथेच आहे.