सतरा शेकेलांचं शेत

यंदा मंडळाच्या चरित्र-वाचनासाठी मी यिर्मया निवडला, तेव्हा मैत्रिणींनी नाकं मुरडली. रडका संदेष्टा, दुसरं काय! खरं सांगायचं तर मलाही तो लहानपणापासून नकोसाच होता. तलवार, दुष्काळ, मरी असं एकामागून एक वाचताना वाटायचं, या माणसाला लोकांना घाबरवण्यात मजा येत असावी. पण या उपवासकाळात आजीला रोज एक अध्याय वाचून दाखवायचं काम माझ्याकडे आलं आणि माझं हे मत टिकलं नाही.

यिर्मया अनाथोथचा. यरुशलेमपासून पाचेक किलोमीटरवरचं हे गाव, आणि घराणं याजकांचं. योशिया राजाच्या तेराव्या वर्षी, म्हणजे इ. स. पू. ६२७ च्या सुमारास, त्याला देवाचं बोलावणं आलं. आपण अजून पोर आहोत, आपल्याला बोलता येत नाही, म्हणून त्यानं टाळून पाहिलं. आणि पुढे चाळीस वर्षं तो बोलतच राहिला! लग्न केलं नाही. गावच्याच माणसांनी त्याच्या जिवावर उठून कट केला.

योशियाचा मुलगा यहोयाकीम गादीवर आला, तेव्हा यिर्मया मंदिराच्या आवारात उभा राहिला. ऐकणारे कोण, तर नेमानं भक्तीला येणारे लोक. चोरी करता, खोट्या शपथा घेता, परक्याला, अनाथाला नि विधवेला नाडता, आणि वर इथं येऊन आपण सुखरूप आहोत म्हणता? मग शिलोची जी गत झाली तीच या मंदिराची होईल, असा त्याच्या बोलण्याचा रोख होता. शिलो इथं पूर्वी देवाचा निवासमंडप होता, पुढे ते ठिकाण ओसाड पडलं. हे ऐकून याजकांनीच त्याच्यासाठी मरणाची शिक्षा मागितली. अहीकाम नावाच्या वजनदार माणसानं पाठीशी घातलं म्हणून तो वाचला. तेच बोलणाऱ्या उरीया या दुसऱ्या संदेष्ट्याला मात्र राजानं मिसर देशातून पकडून आणून मारलं.

पुढे बारूखानं त्याचे शब्द गुंडाळीवर लिहून घेतले. थंडीचे दिवस होते, राजापुढे शेगडी पेटलेली. तीन-चार रकाने वाचून झाले की राजा तेवढा भाग चाकूनं कापून शेगडीत टाकायचा. सगळी गुंडाळी जळाली. यिर्मयानं पुन्हा सांगितली, बारूखानं पुन्हा लिहिली, वर आणखी भर घातली.

हनन्याची गोष्टही मला आवडते. बाबेलची सत्ता दोन वर्षांत मोडेल, असं त्यानं मंदिरात सगळ्यांसमोर जाहीर केलं. त्यावर यिर्मया आधी आमेन म्हणाला! तसंच होवो, अशी त्याचीही इच्छा होती. आपलं भाकीत खोटं ठरावं असं ज्याला वाटतं, त्याला घाबरवण्यात कसली मजा?

पण सगळ्यात जास्त मला बोचला तो गुलामांचा प्रसंग. नबुखद्नेस्सराच्या सैन्यानं शहराला वेढा दिला, तेव्हा सिद्कीया राजानं आणि श्रीमंतांनी देवापुढे करार करून आपल्या इब्री दास-दासींना मोकळं केलं. मग मिसरचं सैन्य येतंय अशी बातमी आली आणि वेढा उठला. लगेच त्याच माणसांना धरून पुन्हा कामाला जुंपलं! परीक्षेच्या आदल्या रात्री मी देवाला काय काय कबूल करते आणि निकालानंतर त्यातलं किती उरतं, ते माझं मला माहीत. आजीनं त्या दिवशी तो अध्याय दोनदा वाचायला लावला. का, ते मी विचारलं नाही.

वेढा परत पडला. शहर शत्रूच्या हाती जाणार असं सांगत राहिल्याबद्दल सरदारांनी यिर्मयाला दोरांनी चिखलाच्या हौदात सोडलं. राजवाड्यातल्या एबद-मलेख नावाच्या कूशी माणसानं त्याला वर काढलं. दोर काचू नयेत म्हणून त्यानं काखेत धरायला जुन्या चिंध्या खाली सोडल्या. एवढ्या धामधुमीत कुणाला हे सुचलं, याचंच मला कौतुक वाटतं.

याच वेढ्याच्या दिवसांत, तो पहाऱ्याच्या चौकात कैदेत असताना, चुलतभाऊ हनामेल अनाथोथचं शेत विकायला आला. सगळा मुलूख बाबेलच्या घशात जाणार हे चाळीस वर्षं सांगणाऱ्या माणसाला! यिर्मयानं सतरा शेकेल रुपं तोलून दिलं, साक्षीदारांच्या सह्या घेतल्या आणि खरेदीखत मातीच्या मडक्यात ठेवायला बारूखाला दिलं. या देशात पुन्हा घरं, शेतं, द्राक्षमळे विकत घेतले जातील, या देवाच्या शब्दावर त्यानं पदरचे पैसे मोजले.

इ. स. पू. ५८६ च्या सुमारास यरुशलेम पडलं, मंदिर जळालं. बाबेलच्या सेनापतीनं त्याला सन्मानानं सोबत चलण्याची मुभा दिली होती, पण तो मागे राहिलेल्या गोरगरिबांत राहिला. पुढे त्यांनीच, त्याचा सल्ला धुडकावून, त्याला मिसरात नेलं. तिथंही तो त्यांना बजावतच राहिला. त्याच्या मरणाबद्दल बायबलमध्ये एक ओळ नाही.

आमच्या बेळगावच्या घरी शेताचे कागद आजीच्या पत्र्याच्या ट्रंकेत असतात, किल्ली तिच्या कनवटीला. हा लेख वाचून दाखवला तेव्हा ती बराच वेळ गप्प होती. मग तिनं एवढंच विचारलं, की त्या मडक्याचं पुढं काय झालं गं?