क्रूगरची आगगाडी

पॉल क्रूगरने दहाव्या वर्षी घरच्यांबरोबर बैलगाड्यांच्या तांड्यातून ब्रिटिशांची केप वसाहत सोडली. १८८३ साली तो ट्रान्सवालचा अध्यक्ष झाला. तीनच वर्षांत तिथे सोने सापडले. पण माल यायचा तो ब्रिटिश बंदरांतूनच. क्रूगरला पोर्तुगीजांच्या लॉरेन्सो मार्किसकडे जाणारी स्वतःची आगगाडी हवी होती. केपचा पंतप्रधान सेसिल ऱ्होड्स याला नेमकी तीच नको होती.

गंमत अशी, की १८९२ साली जोहान्सबर्गला आधी पोचली ती केपची गाडी. शेवटच्या टप्प्याला कर्ज केपचे, म्हणून १८९४ अखेरपर्यंत भाडे ठरवणार केप! ही सावकारी आम्हां बँकवाल्यांना नवी नाही. मुदत संपली, पूर्वेचा मार्गही पुरा झाला, आणि क्रूगरच्या कंपनीने वाल नदीपासूनचे भाडे भरमसाट वाढवले. व्यापाऱ्यांनी नदीवरच माल उतरवून बैलगाड्या जुंपल्या. १८९५ साली क्रूगरने नदीचे उतारच बंद केले; लंडनने डोळे वटारताच उघडलेही. रूळ टाकताना तापाने मेलेल्या आफ्रिकी मजुरांना कोणत्याच बाजूने विचारले नव्हते.

सप्टेंबर १९०० मध्ये ब्रिटिश फौजा पाठीवर असताना पंचाहत्तरीला टेकलेला क्रूगर याच गाडीने लॉरेन्सो मार्किसला पोचला, तिथून जहाजाने युरोपला. आजारी बायको प्रिटोरियातच राहिली. ती १९०१ साली गेली. तो १९०४ मध्ये, स्वित्झर्लंडात.