माणशी अर्धा एकर

पनवेलकरांना पावसाचे अप्रूप नाही. वर्षाला अडीच-तीन हजार मिलिमीटर पाऊस आमच्या छपरांवर कोसळतो. तरीही उन्हाळा तापला, की देहरंगच्या धरणाचा तळ दिसू लागतो आणि कुठे कुठे टँकरची वाट पाहण्याची वेळ येते. घाट चढून पुरंदरच्या पूर्व भागात गेले, तर तिथे वर्षभराचा पाऊस पाचशे मिलिमीटरही भरत नाही. त्या उघड्या माळावर एका इंजिनिअरने पाण्याचा हिशेब मांडला. विलासराव साळुंखे हे त्यांचे नाव.

१९३७ साली जन्मलेल्या विलासरावांचा पुण्यात अचूक मोजमापाची उपकरणे बनवण्याचा कारखाना होता. चांगला चालणारा धंदा, सुखाचा संसार. १९७२ च्या दुष्काळाने ही घडी मोडली. पुरंदरमधल्या दुष्काळी कामांवर माणसे खडी फोडताना त्यांनी पाहिली. मजुरीने त्या दिवसाची चूल पेटत होती. पण पुढच्या दुष्काळाला तोंड देईल असे त्यातून काहीच उभे राहत नव्हते. पडणारा थोडा पाऊसही माती घेऊन उतारावरून निघून जात होता.

नायगावात म्हसोबा देवस्थानची चाळीस एकर पडीक जमीन त्यांनी दीर्घ मुदतीच्या कराराने घेतली. १९७४ मध्ये ग्रामगौरव प्रतिष्ठान स्थापन झाले. पत्नी कल्पनाताईही या कामात उतरल्या. उताराची मापे घेऊन समपातळीवर बांध घातले, ओघळी अडवल्या, पायथ्याशी पाझर तलाव केला, त्याच्या खाली विहीर खणली आणि पंपाने ते पाणी पुन्हा वरच्या शेतांना दिले. माथ्यापासून पायथ्यापर्यंत अख्खे पाणलोट एकाच यंत्रासारखे हाताळायचे, ही कारखानदाराची दृष्टी. माळ हिरवा झाला.

इथे थांबले असते, तर ते एक यशस्वी प्रयोगशील शेतकरी ठरले असते. पण अडवलेले पाणी कोणाचे, हा प्रश्न त्यांनी सोडला नाही. त्यातून पाणी पंचायत उभी राहिली. तिचे नियम मोजके होते. पाणी जमिनीच्या मापाने नव्हे, माणसांच्या संख्येने मिळेल : माणशी अर्धा एकर भिजेल इतके, कुटुंबाला फार तर अडीच एकरांचे. जमीन विकली तरी पाण्याचा हक्क तिच्याबरोबर जाणार नाही. भूमिहीनालाही वाटा. उसासारखी तहानलेली पिके नाहीत. खर्चाचा पाचवा हिस्सा लाभधारकांनी स्वतः भरायचा आणि पाणी ठरल्याप्रमाणे वाटायला गावाचाच पाटकरी.

माझी नोकरी बँकेत गेली. तिथे कर्जाचा कागद सातबाऱ्यापासून सुरू होतो. ज्याच्या नावावर जमीन अधिक, त्याची पत अधिक. विलासरावांनी सातबारा बाजूला ठेवून घरातली माणसे मोजली. वरवर साधा वाटणारा हा बदल फार मोठा होता. म्हणूनच तो अनेकांना रुचला नाही. पुढे सगळ्या योजना टिकल्याही नाहीत. कुठे पंप बिघडले, विजेची बिले थकली, कुठे उसाचा मोह आवरला नाही. २००२ साली विलासराव गेले, तेव्हा माणसागणिक पाण्याचा हक्क राज्याच्या धोरणात उतरलेला नव्हता.

आज उपग्रहाची चित्रे आहेत, ड्रोन आहेत, संगणकावर उताराचे नकाशे आहेत. भूजल यंत्रणेने राज्याची सुमारे दीड हजार पाणलोट क्षेत्रे आखून ठेवली आहेत. बांध कुठे घालावा, हे आता घरबसल्या सांगता येते. पण बांधाआड साठलेले पाणी एकाच्या बोअरमध्ये उतरले आणि शेजारणीचा हंडा रिकामा राहिला, तर त्या नकाशाचा उपयोग काय? वाटणीचे माप यंत्र देत नाही, ते गावाने बसून ठरवायचे असते. ऊन-पावसात मोजमाप करत विलासरावांनी ते एकदा ठरवून दाखवले. आपल्या सोसायटीच्या गच्चीवरची टाकी रिकामी होते, तेव्हा आपणही आधी माणसे मोजतो की फ्लॅटचे चौरस फूट, हे एकदा पाहायला हरकत नाही.