विद्येचे गाव आखणारा भूमापक

अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्याचे लेखक आणि त्या देशाचे तिसरे अध्यक्ष म्हणून थॉमस जेफर्सन यांचे नाव सर्वपरिचित आहे. त्यांच्यातील भूमापकाची ओळख मात्र फारशी कुणाला नसते. आयुष्याच्या अखेरच्या दशकात ज्या कामात त्यांनी जीव ओतला, ते काम या भूमापकाचेच होते. व्हर्जिनिया राज्यातील शार्लट्सव्हिल या लहानशा गावाबाहेरचे एक पडीक शेत त्यांनी स्वतः मोजले आणि तेथे विद्यापीठ उभे केले.

मोजणीची विद्या त्यांच्याकडे वडिलांकडून आली. पीटर जेफर्सन हे नावाजलेले मोजणीदार होते. जोशुआ फ्राय यांच्यासमवेत त्यांनी १७४९ साली व्हर्जिनिया आणि नॉर्थ कॅरोलिना यांमधील सीमारेषा पुढे नेली आणि १७५१ साली व्हर्जिनियाचा प्रसिद्ध नकाशा तयार केला. १७५७ साली पीटर निवर्तले तेव्हा थॉमस अवघे १४ वर्षांचे होते. वडिलांनी मृत्युपत्राने त्यांना पुस्तके, मोजणीची उपकरणे, चेरीच्या लाकडाचे मेज आणि सॉनी नावाचा एक गुलाम दिला. एकाच कलमात आलेल्या या चार गोष्टींनी थोरल्या मुलाचे पुढचे सारे आयुष्य जणू अगोदरच आखून ठेवले होते.

१७७३ साली थॉमस जेफर्सन काही काळ आल्बमार्ल परगण्याचे मोजणी अधिकारी होते. पुढे राजकारणात शिरल्यावरही जमिनीकडे पाहण्याची ती नजर सुटली नाही. पश्चिमेकडील सरकारी जमिनी चौकटीत मोजून विकाव्यात, ही योजना १७८४ साली त्यांच्या अध्यक्षतेखालील समितीने मांडली आणि पुढल्याच वर्षी फेरफारांसह तिचा कायदा झाला. विमानातून दिसणारी अमेरिकेच्या मध्यभागातील काटकोनी शेते ही त्या कायद्याची खूण होय. अध्यक्षपदी असताना १८०३ साली त्यांनी लुईझियानाचा अफाट प्रदेश फ्रान्सकडून विकत घेतला आणि १८०७ साली देशाच्या किनाऱ्याच्या सर्वेक्षणाचा पाया घातला.

शिक्षणाच्या बाबतीत मात्र त्यांना दीर्घकाळ अपयशच आले. सार्वत्रिक शिक्षणाचे त्यांचे १७७९ सालचे विधेयक विधिमंडळाने मान्य केले नाही. विल्यमबर्गमधील आपल्या जुन्या महाविद्यालयात सुधारणा घडवण्याचा त्यांचा प्रयत्नही फोल ठरला. तेव्हा नवेच विद्यापीठ काढावे, असे त्यांनी मनाशी धरले. १८१० साली टेनेसीतील एका महाविद्यालयाच्या विश्वस्तांना लिहिलेल्या पत्रात त्यांनी त्याची रूपरेषाही सांगून टाकली. एकच अजस्र इमारत बांधू नये. प्रत्येक प्राध्यापकासाठी वेगळे छोटे घर असावे, खाली वर्ग भरावा, वर बिऱ्हाड असावे आणि ही घरे विद्यार्थ्यांच्या खोल्यांनी व ओवरीने जोडलेली असावीत. आग, साथीचे रोग आणि गोंगाट यांपासून बचाव व्हावा आणि पैसा येईल तसतसे बांधकाम वाढवता यावे, असा त्यामागील व्यवहारी विचार होता. अशा वसाहतीला ते विद्येचे गाव म्हणत.

संधी चालून आली ती घराजवळच. १८१६ साली सेंट्रल कॉलेज नावाच्या संस्थेला परवानगी मिळाली. तिच्या नियामक मंडळात जेफर्सन यांच्या जोडीला जेम्स मॅडिसन आणि जेम्स मन्रो, म्हणजे आणखी एक माजी आणि एक विद्यमान राष्ट्राध्यक्ष होते. १८१७ साली जॉन पेरी यांच्याकडून जमिनीचे दोन तुकडे घेण्यात आले. पावणेचव्वेचाळीस एकरांचा एक इमारतींसाठी होता. दुसरा १५३ एकरांचा, डोंगराकडचा. तेथून पाणी, लाकूड आणि दगड मिळणार होता.

१८ जुलै १८१७ रोजी ७४ वर्षांचे जेफर्सन थिओडोलाइट घेऊन त्या शेतात उभे राहिले. उपकरण ज्या बिंदूवर रोवले, तो उत्तरेकडील चौकाचा मध्य ठरवून तेथे पुढे एखादी प्रमुख इमारत व्हावी, अशी नोंद त्यांनी आपल्या टिपणात केली. त्यांच्या मळ्याचे कारभारी एडमंड बेकन यांनी उतारवयात सांगितलेल्या आठवणींत या कामाचे चित्र आहे. गावातल्या दुकानातून सुतळीचा गुंडा आणला, जेम्स डिन्समोर या आयरिश सुताराने खुंट्या तासून दिल्या, पहिली खुंटी जेफर्सन यांनी स्वतः ठोकली, खिशातून मोजपट्टी काढून पायाच्या रेषा धरल्या आणि दहा माणसे जमीन समपातळीत आणण्याच्या कामाला लागली.

कागदावरचा आराखडा मात्र जमिनीने जसाच्या तसा स्वीकारला नाही. जेफर्सन यांच्या मनात तीन बाजूंनी घरे असलेला ऐसपैस चौक होता. प्रत्यक्षात जागा निघाली अरुंद आणि लांबट, दक्षिणेकडे उतरत जाणाऱ्या डोंगरसोंडेची. तेव्हा त्यांनी उतार पायऱ्यापायऱ्यांनी समतल करून घेतला आणि सुमारे २०० फूट अंतरावर समोरासमोर दोन लांब ओळी आखल्या. दक्षिणेची बाजू डोंगररांगांकडे मोकळी ठेवली. उत्तरेकडील राखीव जागेचे काय करावे, याचे उत्तर वास्तुरचनाकार बेंजामिन लॅट्रोब यांच्या पत्राने दिले. तेथे घुमटाची मोठी इमारत असावी, असे त्यांनी सुचवले. जेफर्सन यांनी रोममधील पॅन्थिऑन नमुन्यास घेतले, ते साधारण निम्म्या मापाने उतरवले आणि ७७ फूट व्यासाच्या या रोटुंडात, घुमटाखाली, ग्रंथालय ठेवले. त्या काळच्या महाविद्यालयांत प्रार्थनामंदिराला जो मान असे, तो येथे ग्रंथांना मिळाला. धर्मस्वातंत्र्याचा कायदा लिहिणाऱ्याने केलेली ही निवड होती, आणि तिच्यावर टीकाही भरपूर झाली.

६ ऑक्टोबर १८१७ रोजी पहिल्या इमारतीची कोनशिला बसली. तरीही राज्याचे विद्यापीठ कोठे व्हावे हे ठरायचेच होते. लेक्सिंग्टन आणि स्टॉन्टन हीदेखील स्पर्धेत होती. ऑगस्ट १८१८ मध्ये रॉकफिश गॅप येथील खाणावळीत आयोगाची बैठक भरली. जेफर्सन नकाशा घेऊन आले आणि राज्याच्या लोकसंख्येचा मध्य शार्लट्सव्हिलजवळ कसा येतो, हे त्यांनी दाखवून दिले. हवापाणी निरोगी असल्याचा पुरावा म्हणून परिसरातील ८० वर्षांवरील माणसांची यादीही त्यांच्यापाशी होती, असे सांगतात. हजर २१ सदस्यांपैकी १६ जणांनी त्यांच्या जागेला कौल दिला आणि २५ जानेवारी १८१९ रोजी व्हर्जिनिया विद्यापीठाचा कायदा संमत झाला.

त्यानंतरची सहा वर्षे चिखल, विटा आणि कर्ज यांची होती. दहा प्राध्यापकगृहांपैकी प्रत्येकाचा दर्शनी भाग वेगळा होता, कारण त्या इमारतींकडे पाहूनच विद्यार्थ्यांनी वास्तुकला शिकावी, असा हेतू होता. खांबांची शीर्षे कोरण्यासाठी इटलीहून दोन शिल्पी आणले. स्थानिक दगड त्या कामाला कुचकामी निघाला आणि शीर्षे अखेर इटलीतील काराराहून मागवावी लागली. तीन वेळा ६० हजार डॉलरचे कर्ज काढावे लागले. विधिमंडळात कुरकुर वाढत गेली आणि वृद्ध जेफर्सन पत्रामागून पत्रे लिहीत राहिले. प्रकृतीमुळे जाणे जमले नाही, तर काही मैलांवरच्या माँटिसेलो येथील घरातून ते दुर्बिणीने काम न्याहाळत.

दुर्बिणीत दिसणारी बहुतेक माणसे गुलाम होती. जमीन सपाट करणे, माती कालवणे, विटा भाजणे, दगड फोडणे, तुळया चढवणे ही कामे मालकांकडून भाड्याने घेतलेल्या गुलामांनी केली. मजुरी जाई ती मालकांच्या खिशात. नियामक मंडळाचे सदस्य जॉन कॉक यांचे गुलाम पेटन स्किपविथ यांनी विद्यापीठासाठी खाणीतून दगड काढला. १८३३ साली मुक्तता मिळाल्यावर ते आफ्रिकेतील लायबेरियाला गेले. १८६५ सालापर्यंत सुमारे ४,००० गुलाम तेथे राबले, असा विद्यापीठाने नेमलेल्या आयोगाचा अंदाज आहे. याच गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या अमेरिकनांना महात्मा फुले यांनी १८७३ साली आपला गुलामगिरी हा ग्रंथ अर्पण केला, हे मराठी वाचकाला येथे आठवल्याशिवाय राहत नाही. मनाच्या अमर्याद स्वातंत्र्यावर आपले विद्यापीठ उभे असेल, असे जेफर्सन मित्रांना कळवत होते. त्यांना ही विसंगती दिसत नव्हती असे म्हणता येत नाही. गुलामगिरी अन्याय्य आहे, हे त्यांनी तरुणपणीच लिहून ठेवले होते. आयुष्य मात्र तिच्याच आधारावर काढले.

७ मार्च १८२५ रोजी वर्ग सुरू झाले. त्याच वर्षाच्या ऑक्टोबरात विद्यार्थ्यांनी दंगा करून प्राध्यापकांवर विटा आणि काठ्या फेकल्या. चौकशीसाठी रोटुंडात जमलेल्या मुलांपुढे जेफर्सन बोलायला उठले, पण त्यांना अश्रू आवरेनात आणि ते खाली बसले. बडतर्फ झालेल्यांत त्यांच्या नात्यातलाच एक मुलगा निघाला.

४ जुलै १८२६ रोजी, जाहीरनाम्याला ५० वर्षे पूर्ण झाली त्या दिवशी, जेफर्सन यांचे निधन झाले. रोटुंडाचे काम तेव्हाही पुरते संपलेले नव्हते. समाधीवर तीनच गोष्टी लिहाव्यात, असे त्यांनी सांगून ठेवले होते: जाहीरनामा, धर्मस्वातंत्र्याचा कायदा आणि विद्यापीठाचे जनकत्व. राष्ट्राध्यक्षपद त्यांनी स्वतःच गाळले. मागे एक लाख डॉलरहून अधिक कर्ज उरले होते. मृत्युपत्राने पाच गुलाम मुक्त झाले. जानेवारी १८२७ मध्ये माँटिसेलोच्या अंगणात १३० जणांच्या लिलावाची जाहिरात लागली आणि कुटुंबेच्या कुटुंबे विखुरली.

रोटुंडा १८९५ साली आगीत जळाला आणि पुन्हा बांधला गेला. त्याच सुमारास दक्षिणेची मोकळी बाजूही नव्या इमारतींनी बंद झाली, त्यामुळे जेफर्सन यांनी राखलेला डोंगरांचा देखावा आता दिसत नाही. १९८७ साली माँटिसेलोसह या परिसराचा जागतिक वारसा यादीत समावेश झाला. २०२० साली रोटुंडाच्या पूर्वेला गुलाम कामगारांचे वर्तुळाकार स्मारक पूर्ण झाले. त्याचा व्यास रोटुंडाच्या व्यासाशी मिळताजुळता ठेवला आहे. आतल्या भिंतीवर सुमारे ४,००० खुणा कोरल्या आहेत. जी नावे सापडली ती खुणांवर लिहिली आहेत, बहुतेक खुणा नावावाचूनच आहेत.