आकडे टिपणारे केरूनाना

आपल्या रायगड जिल्ह्याला १९८१ पर्यंत कुलाबा जिल्हा म्हणत. ह्याच जिल्ह्यात अलिबागेजवळ नागाव नावाचे नारळी-पोफळीच्या वाड्यांचे गाव आहे. तेथे ता. १६ मे १८२५ रोजी विनायक लक्ष्मण छत्रे ह्यांचा जन्म झाला. पुढे सारा महाराष्ट्र त्यांना केरूनाना ह्या नावानेच ओळखू लागला. मुलांसाठी ‘बाळमित्र’ मराठीत आणणारे सदाशिव काशिनाथ छत्रे हे त्यांच्याच घराण्यातले. तेव्हा मुलांना शिकविण्याचे वळण घराण्यातच होते असे म्हणावयास हरकत नाही.

केरूनानांचे शिक्षण मुंबईस एलफिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये झाले. तेथील अध्यापक ऑर्लिबार ह्यांच्याकडे मुंबईच्या कुलाबा भागातील वेधशाळेचे काम होते. (हा कुलाबा निराळा. आपल्या जिल्ह्याचे जुने नाव अलिबागेच्या समुद्रातील किल्ल्यावरून पडले होते.) वेधशाळेत हवामानाची व चुंबकसूचीची निरीक्षणे घेण्यासाठी १८४० साली ऑर्लिबारांनी केरूनानांना मदतनीस म्हणून घेतले. तेव्हा त्यांचे वय अवघे पंधरा वर्षांचे होते. म्हणजे आपल्या शाळेतील वरच्या वर्गातील मुलाएवढे.

काम दिसावयास सोपे होते. ठरलेली वेळ झाली की उपकरणापाशी जावे, पारा कोठपर्यंत चढला आहे, चुंबकसूची किती वळली आहे हे पाहावे आणि वहीतील रकान्यात तो आकडा लिहावा. परंतु ही वेळ दिवसा येई तशीच रात्रीही येई. आषाढातील रात्री, समुद्रावरून झोडपणारा पाऊस चालू असता, गेल्या खेपेचाच आकडा पुन्हा लिहून टाकला असता तर पाहणारे कोण होते? अशा कामात केरूनानांनी सुमारे दहा वर्षे काढली. त्या वर्षांतच त्यांची विद्या पक्की झाली, असे मला वाटते.

आता बालमित्रांनो, नुसत्या रकान्यांनी भरलेले पान पाहिले म्हणजे तुम्ही कंटाळता हे आम्हांस ठाऊक आहे. त्याच आकड्यांना चौकटीच्या कागदावर बसवून पाहा. जून महिन्यात शाळेच्या अंगणात सरळ बाजूंचे, सपाट बुडाचे भांडे ठेवावे, रोज ठरल्या वेळी त्यातील पाणी पट्टीने मोजून भांडे रिते करावे, आणि एकेका दिवसासाठी तितकी घरे रंगवीत जावे. लहान मुलांसही हे साधते. पंधरा दिवसांनी झडीचा दिवस कोणता व उघाडीचा कोणता हे अंक न वाचताच दिसते. ह्यालाच आलेख म्हणतात. एखाद्या दिवशी मोजावयाचे राहिले तर ते घर कोरे ठेवावे. पालकांस विनंती अशी की, चित्र पुरे दिसावे म्हणून ते घर अंदाजाने भरून देऊ नये.

कोऱ्या घराचा हा आग्रह अनाठायी वाटेल, म्हणून कुलाब्याच्याच वह्यांची पुढील हकीकत सांगतो. १८५९ च्या सप्टेंबरच्या आरंभी सूर्यावरील प्रचंड स्फोटामुळे पृथ्वीवर चुंबकीय वादळ झाले. युरोप-अमेरिकेत तारायंत्रे बिघडली. केरूनाना तेव्हा वेधशाळेत नव्हते. पण तेथील निरीक्षकांनी नेम न चुकविता आकडे टिपले होते. दीडशे वर्षे होत आली तेव्हा, २००३ साली, शास्त्रज्ञांनी त्या आकड्यांचा आलेख प्रसिद्ध केला. रेषा एकाएकी खोल दरीत कोसळावी तशी कोसळलेली दिसली, आणि त्या वादळाचा जोर किती होता ह्याचा अंदाज त्यावरून बांधता आला.

१८५१ मध्ये केरूनाना पुण्यास शिक्षक म्हणून गेले. त्यांनी मराठी शाळांसाठी अंकगणित व पदार्थविज्ञान ह्यांवर पुस्तके लिहिली आणि पुढे ते डेक्कन कॉलेजात गणिताचे प्रोफेसर झाले. विद्यापीठाची पदवी त्यांच्यापाशी नव्हती. मुंबई विद्यापीठ निघाले तेच १८५७ साली. तेथे त्यांच्या हाताखाली शिकलेल्यांत बाळ गंगाधर टिळक हे एक होत.

१८६० साली त्यांचे ‘ग्रहसाधनाची कोष्टके’ हे पुस्तक प्रसिद्ध झाले. जुन्या गणिताने काढलेली ग्रहांची स्थाने आकाशात प्रत्यक्ष दिसणाऱ्या स्थानांशी जुळत नाहीत, हे त्यांना खटकत असे. नव्या गणिताचे पंचांग १८६५ पासून निघू लागले, पण थोड्याच लोकांनी ते मानले. पंचांगाशी आम्हा ख्रिस्ती लोकांचा व्यवहार थोडा. तरीही लिहिलेले व दिसणारे ह्यांत फरक पडला असता दिसणाऱ्याची बाजू घेण्यास किती धैर्य लागते, हे कोणासही कळण्याजोगे आहे.

सरकारने १८७७ मध्ये त्यांना रावबहादूर ही पदवी दिली. १८७९ साली ते निवृत्त झाले आणि ता. १९ मार्च १८८४ रोजी त्यांचे देहावसान झाले.

पुढे मुंबईत विजेच्या ट्रामगाड्या येणार असे ठरले. त्या विजेने चुंबकसूची विचलित होईल म्हणून १९०४ साली चुंबकीय निरीक्षणांसाठी अलिबागेस नवी वेधशाळा उभारण्यात आली. तेथे चुंबकाला आरसा जोडलेला असे व त्यावरून परतलेला प्रकाशकिरण फोटोच्या कागदावर अहोरात्र रेषा उमटवीत जाई. नागाव तेथून दोन-तीन कोसांवर आहे.